भाकरीचे देणे : केंद्रीय कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, कृषी व शेतकरी कल्याण,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : ज्वारी, बाजरी, नाचणी प्रथम पिकवणाऱ्या आफ्रिकी शेतकऱ्यांचे श्रेय आणि आपले कर्तव्य.

महोदय,


भाकरीचे दिवस पालटले, याचे बरेचसे श्रेय तुमच्या खात्याला जाते. भारताने मांडलेल्या ठरावाला सत्तरहून अधिक देशांनी पाठिंबा दिला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मार्च २०२१ मध्ये तो मंजूर केला आणि २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पीय भाषणात या धान्यांना ‘श्री अन्न’ म्हणून मान मिळाला. जी ज्वारी-बाजरी गरिबाघरचे खाणे म्हणून लग्नाच्या पंगतीतून हद्दपार झाली होती, ती शहरातल्या मॉलमध्ये बिस्किटे, नूडल्स आणि डोशाचे पीठ होऊन परत आली. हे चांगलेच झाले. १९६० च्या दशकात देशात ज्वारीचे क्षेत्र सुमारे १८० लाख हेक्टर होते. आज ते ४० लाखांच्या आसपास उरले आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातून सुटत चाललेले पीक टिकवायचे, तर ते खाणारी तोंडे वाढली पाहिजेत, हे तुमच्या खात्याने ओळखले.

माझे गाऱ्हाणे निराळे आहे. या सगळ्या गाजावाजात ही धान्ये ‘आपल्या पूर्वजांची देणगी’ म्हणून मिरवली जातात. प्रदर्शनातले फलक, पिठाच्या पिशव्या, पाककृतींची पुस्तके, सगळीकडे सूर तोच. हे खोटे नाही, पण अर्धेच आहे. वरई आणि कोद्रा ही धान्ये भारतातच लागवडीखाली आली. राळा चीनकडचा. पण ज्यांच्यावर महाराष्ट्राचे पोट शतकानुशतके भरले, ती तिन्ही मोठी धान्ये आफ्रिकेतली आहेत. ज्वारी पूर्व सुदानच्या गवताळ मैदानातली, बाजरी सहाराच्या दक्षिण काठावरची, नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ पट्ट्यातली. भाकरीबरोबर आपण जी कारळ्याची चटणी खातो, ते कारळेही इथिओपियाच्या पठारावरचे. चवळी पश्चिम आफ्रिकेची. मिरची तेवढी अमेरिकेतून आली. ज्वारीची भाकरी, चवळीची उसळ आणि कारळ्याची चटणी असे अस्सल मराठी ताट वाढले, तर त्यातला जवळजवळ प्रत्येक घास कुणा आफ्रिकी शेतकऱ्याच्या हातून प्रथम पिकलेला असतो. ही गोष्ट आपल्या एकाही सरकारी फलकावर मी वाचलेली नाही.

जगाच्या इतिहासात आफ्रिकेने काय दिले, असा प्रश्न निघाला की लोक पिरॅमिडकडे बोट दाखवतात. फार तर कुशच्या राजांचे नाव घेतात, ज्यांनी इसवी सनापूर्वी आठव्या शतकात सुदानातून येऊन इजिप्तची गादी काबीज केली. ते सारे मोठेच आहे. पण दगडाच्या वास्तूपेक्षा लांबवर पोहोचलेला वारसा बियाण्याचा आहे. तो कोणत्याही राजाच्या नावावर नाही, त्यामुळे त्याचा शिलालेखही नाही. त्याची साक्ष मिळते ती मातीच्या खापरात.

ती साक्ष कशी मिळाली, हे थोडे सविस्तर सांगतो. सुदानात निळी नाईल आणि अटबारा या नद्यांच्या मधल्या प्रदेशाला बुटाना म्हणतात. त्याच्या पूर्वेला, कसाला शहराच्या परिसरात १९८० च्या दशकात उत्खनन झाले आणि मडक्यांचे ढीगभर तुकडे गोळा झाले. आपल्याकडे चुलीची माती मळताना तीत भूस घालतात, म्हणजे ती तडकत नाही. बुटानाचे कुंभारही तेच करत होते. मडके भाजले की भूस जळून जाते, मात्र त्याचा ठसा मातीत जसाच्या तसा राहतो. पुरातत्त्वज्ञ फ्रँक विन्चेल, डोरियन फुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जुने तुकडे पुन्हा बाहेर काढले, ठशांचे साचे घेतले आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. २०१७ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ठसे ज्वारीच्या भुसाचे होते आणि काळ होता इ.स.पू. ३५०० ते ३००० च्या दरम्यानचा. लागवडीच्या ज्वारीचा इतका जुना पुरावा तोवर कुठेही मिळाला नव्हता.

भूस पाहून ती रानातली ज्वारी की शेतातली, हे कळते कसे? रानातल्या ज्वारीचे दाणे पिकले की आपोआप गळतात. रोपाचा वंश त्यावरच चालतो. गळालेल्या दाण्याच्या बुडाशी जोड सुटल्याची खूण गुळगुळीत असते. शेतातल्या ज्वारीचा दाणा मात्र कणसाला चिकटून राहतो. तो मळून, बडवून काढावा लागतो, म्हणून त्याच्या बुडाशी देठ फाटल्याची खडबडीत खूण उरते. बुटानाच्या खापरांत दोन्ही प्रकारच्या खुणा सापडल्या. म्हणजे हे लोक वाटेच्या मध्यावर होते. दरवर्षी कापणी करताना जी कणसे गळत नव्हती ती त्यांच्या टोपलीत येत होती, त्यांतलेच बी पुढच्या पावसाळ्यात पेरले जात होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच करता करता एका रानगवताचे धान्य होत होते. रानातले सगेसोयरे शेजारीच उभे असल्याने वाऱ्यावर परागकण येऊन पुन्हा मिसळ होत असणार. तरीही त्यांनी निवड सोडली नाही.

ज्वारीशी माणसाची ओळख त्यांच्याही आधीची आहे. इजिप्तच्या पश्चिमेकडील वाळवंटात नाब्ता प्लाया नावाचे ठिकाण आहे. तिथे आज वाळू आहे, पण सुमारे ८००० वर्षांपूर्वी पावसाळी तळे होते. त्या तळ्याकाठच्या झोपड्यांत चुलींभोवती रानटी ज्वारीचे जळके दाणे सापडले आहेत. पेरणी सुरू होण्याच्या कित्येक शतके आधीपासून या लोकांना ज्वारीची चव, तिची साठवण आणि तिचा हंगाम ठाऊक होता. पुढे सहारा कोरडा होत गेला, माणसे दक्षिणेकडे आणि नाईलकडे सरकली आणि दुष्काळात तग धरणारे गवत त्यांच्या जगण्याचा आधार झाले.

बाजरीची कहाणी याहून पश्चिमेची. मालीच्या उत्तरेला तिलेम्सी नदीचे कोरडे खोरे आहे. तिथल्या खापरांतही असेच भुसाचे ठसे मिळाले आणि इ.स.पू. २५०० च्या सुमारास तिथे बाजरी पिकत होती, हे दिसून आले. ते लोक गुरे राखणारे होते. गुरे चारत फिरायचे, पाऊस पडला की वाळूत बी टाकायचे आणि पीक आले की थांबायचे. ज्या जमिनीत दुसरे काही उगवणार नाही तिथे बाजरी उगवते, हे आपल्या नगर-नाशिकच्या शेतकऱ्याला सांगायला नको. पण ते प्रथम कुणी शोधले, हे त्यालाही कुणी सांगितलेले नाही. नाचणीचा रानटी पूर्वज आजही आफ्रिकेतच उगवतो. डोंगरउतारावर, पातळ मातीत, जिथे नांगर चालत नाही, तिथे नाचणी लावण्याची रीत सह्याद्रीत आहे तशी तिकडच्या डोंगरांतही आहे.

मग ही धान्ये इथे आली कशी? इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात ती भारतात दिसू लागतात. अरबी समुद्राच्या किनाऱ्याकिनाऱ्याने, अरबस्तानच्या दक्षिणेकडील वस्त्यांमधून हातोहात ती गुजरातच्या बाजूला पोहोचली, असा बहुतेक अभ्यासकांचा अंदाज आहे. हा प्रवास राजांच्या आज्ञेने झाला नाही. नावाड्याच्या शिदोरीतून, एखाद्या बाईने गाठीला बांधलेल्या मूठभर बियाण्यातून तो झाला असावा. पुढे इकडून वशिंडाची गुरे आफ्रिकेत गेली. देणे-घेणे दुहेरी होते, आणि त्यात कुणी कुणाचा मालक नव्हता.

दख्खनच्या दृष्टीने ही घटना किती मोठी होती, हे इनामगावकडे पाहिले की कळते. पुणे जिल्ह्यातल्या या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांचे मुख्य धान्य जव होते. जव हे थंडीतले, पाण्याच्या आधाराने येणारे पीक. पठारावरच्या काळ्या मातीत केवळ पावसावर, किंवा पावसाने मागे ठेवलेल्या ओलीवर पोटभर धान्य निघायचे तर वेगळेच पीक हवे होते. ज्वारीने आणि बाजरीने ती गरज भागवली. ज्याला आपण भाकरीचा मुलूख म्हणतो, तो मुलूख आफ्रिकेतून आलेल्या बियाण्यावर उभा राहिला. शिवकाळातल्या शिपायाच्या पडशीतली भाकर आणि वारकऱ्याच्या फडक्यातली भाकर, दोन्ही त्याच बियाण्याच्या.

खुद्द आफ्रिकेत या धान्याने राज्ये पोसली. कुशच्या राज्याची नंतरची राजधानी मेरोवे याच बुटाना प्रदेशाच्या काठावर होती. तिथले पिरॅमिड आणि लोखंड गाळल्याच्या मळीचे ढिगारे प्रवाशांना दिसतात. त्यामागची ज्वारी दिसत नाही. ती पाहायची तर जेबेल कैली या टेकडीपाशी जावे लागते. खार्टूमच्या पूर्वेला मैदानात एकट्या उभ्या असलेल्या त्या टेकडीच्या खडकावर इसवी सनाच्या पहिल्या शतकातला राजा शोरकारोर कोरला आहे. त्याच्यासमोर देव आहे, चेहरा समोर वळवलेला, भोवती सूर्यकिरणे. एका हाताने तो राजाला शत्रूचे बंदिवान देतो आहे आणि दुसऱ्या हाताने ज्वारीची कणसे. युद्धातला जय आणि शेतातले पीक या दोन्ही गोष्टी एकाच पंगतीला बसवणारे असे चित्र कोरणाऱ्यांना आपले राज्य कशावर चालते, हे नेमके माहीत होते.

या वारशाचा पुढचा प्रवास तर साऱ्या जगाचा आहे. ज्वारी चीनमध्ये पोहोचली. तिथली प्रसिद्ध माओताई दारू ज्वारीपासून गाळतात. अटलांटिक ओलांडून ती गेली ती मात्र गुलामांच्या जहाजांतून. ज्या माणसांना साखळदंडांत घालून नेले, त्यांच्याबरोबर त्यांचे भात, चवळी आणि ज्वारीही गेली. मळ्यांच्या मालकांनी त्यांचे श्रम घेतलेच, त्यांचे शेतीचे ज्ञानही घेतले. आज जगात सर्वाधिक ज्वारी अमेरिकेची संयुक्त संस्थाने पिकवतात.

इतके असूनही आफ्रिकेला शेतीच्या इतिहासात मान का मिळाला नाही? उत्तर अवघड नाही. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने बर्लिनमधल्या व्याख्यानांत आफ्रिका हा जगाच्या इतिहासाचा भागच नाही, असा निवाडा दिला आणि साम्राज्ये चालवणाऱ्यांना तो सोयीचा पडला. ज्यांना गुलाम करायचे, ज्यांची जमीन घ्यायची, त्यांनी जगाला काही शिकवले हे मान्य करणे परवडणारे नव्हते. या समजाला मोठा धक्का दिला तो एका रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने. निकोलाय वाव्हिलोव्ह १९२७ साली इथिओपियाच्या पठारावर हिंडला, शेताशेतांतून बी गोळा केले आणि जगातल्या पिकांच्या मूळ केंद्रांपैकी एक इथे आहे, असे मांडले. जगातली भूक मिटावी म्हणून बियाणे जमवणारा हा माणूस स्टालिनच्या तुरुंगात १९४३ साली उपासमारीने मेला. त्याने जमवलेल्या बियाण्याने मात्र शास्त्राची दिशा बदलली.

आपण भारतीय या बाबतीत निर्दोष नाही. सुदानातल्या नाका या ठिकाणी सिंहमंदिर आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर अपेडेमाक हा सिंहमुखी देव तीन तोंडांचा आणि चार हातांचा कोरला आहे. तो पाहून काही पाश्चात्त्य अभ्यासकांनी हा भारताचा प्रभाव असल्याचे सुचवले, आणि ते ऐकून आपली छाती फुगायला वेळ लागत नाही. भिंत नीट पाहिली तर कळते की एका बाजूने राजा येतो आहे, दुसऱ्या बाजूने राणी. देवाला एकाच वेळी दोघांकडे पाहायचे आहे आणि दोघांचा नमस्कार घ्यायचा आहे. तिथल्या शिल्पकाराने आपल्यापुढची अडचण आपल्या बुद्धीने सोडवली. आफ्रिकेत काही सुंदर दिसले की ते बाहेरून आलेले असणार आणि आपल्याकडे काही चांगले असले की ते इथलेच असणार, ही दुटप्पी मोजपट्टी आपण टाकून द्यायला हवी.

तुमच्या खात्यातला एखादा अधिकारी म्हणेल की चार हजार वर्षांपूर्वीचा हिशेब आता कशाला? इतक्या काळात ज्वारी आपलीच झाली. मला ते मान्य आहे. सोलापूरकडच्या शेतकऱ्यांनी रब्बीच्या ओलीवर येणारी, मोत्यासारख्या दाण्याची मालदांडी घडवली. त्यातून १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण आजही शेतकरी पेरतो. ज्वारीची दुरा ही जात भारतात घडली आणि इथून परत पश्चिमेकडे गेली, असे मानणारे अभ्यासकही आहेत. राहुरी-परभणीच्या विद्यापीठांचे काम आपल्या डोळ्यांसमोर आहे. आपल्या शेतकऱ्याचे कर्तृत्व पूर्ण त्याचेच. पण मूळ बी देणाऱ्याचे नाव घेतल्याने ते कर्तृत्व तसूभरही कमी होत नाही.

शिवाय हिशेब चार हजार वर्षांपूर्वीच संपला, असेही नाही. तो काल-परवापर्यंत चालू आहे. संकरित ज्वारी शक्य झाली ती परागकण न देणारी मादी ओळ मिळाल्यामुळे. १९५४ साली टेक्सासमध्ये ती सापडली, मिलो या आफ्रिकी वाणाचा दक्षिण आफ्रिकेकडच्या दुसऱ्या वाणाशी संकर केल्यावर. त्याच पायावर १९६४ साली भारताची पहिली संकरित ज्वारी ‘सीएसएच-१’ आली. लोहाचे प्रमाण जास्त असलेली ‘धनशक्ती’ बाजरी २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने ती तयार केली. तिचे मूळ शोधत गेलो की उत्तर टोगोमधल्या शेतकऱ्यांच्या ‘इनिआडी’ या गावरान बाजरीपाशी पोहोचतो. कर्नाटकात लक्ष्मणय्या या शास्त्रज्ञाने नाचणीचे उत्पादन वाढवले ते भारतीय आणि आफ्रिकी नाचणीच्या संकरातून. ते ‘इंडाफ’ वाण म्हणून प्रसिद्ध आहेत. ॲनिमियाने ग्रासलेल्या आपल्या मुलीला अंगणवाडीत लोहयुक्त बाजरी मिळावी, असे आपण म्हणतो तेव्हा टोगोच्या कुणा अनाम बाईने जपलेले बी आपल्या उपयोगी पडत असते.

आता आजची गोष्ट. ज्वारीची जन्मभूमी जळते आहे. १५ एप्रिल २०२३ रोजी सुदानात लष्कर आणि निमलष्करी ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ यांच्यात युद्ध पेटले. जगाने भरडधान्यांचे वर्ष साजरे केले, तेच हे वर्ष. ऑगस्ट २०२४ मध्ये उत्तर दारफुरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जाहीर केले. ज्या देशातल्या बायका आंबवलेले ज्वारीचे पीठ तापलेल्या तव्यावर पातळ पसरून किसरा करतात, जिथे रमजानमध्ये मोड आणलेल्या ज्वारीचे पेय घरोघर होते, तिथल्या छावण्यांत मूठभर धान्यासाठी माणसे मरत आहेत. गेझिरा प्रांताची राजधानी वद मदनी डिसेंबर २०२३ मध्ये निमलष्करी दलाच्या हाती पडली. तिथे सुदानची राष्ट्रीय बियाणे पेढी होती. देशभरच्या शेतकऱ्यांकडून जमवलेल्या ज्वारी-बाजरीच्या हजारो वाणांची ती ठेव लुटली गेली. सुदानी शास्त्रज्ञांनी जीव धोक्यात घालून जे वाचले ते गोळा केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यातले काही, ज्वारीच्या वाणांसह, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या बियाणे कोठारात ठेवले गेले.

बियाणे पेढी लुटली जाणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. बुटानाच्या त्या खापरांपासून चालत आलेली निवड, प्रत्येक गावाने आपल्या मातीला, आपल्या पाखरांना, आपल्या दुष्काळाला पुरून उरेल असे जपलेले वाण, हे एकदा गेले की पैसे ओतून परत येत नाहीत. यात आपलाही स्वार्थ आहे. उद्या एखादा नवा रोग आला, पाऊस आणखी बेभरवशाचा झाला, तर त्याला टक्कर देणारा गुणधर्म कदाचित सुदानच्याच एखाद्या गावरान वाणात असेल. ज्वारीच्या मुळांना लागून पीक फस्त करणाऱ्या स्ट्रायगा तणावर उपाय शोधणारे इथिओपियाचे गेबिसा एजेता यांना २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याआधी, १९८० च्या दशकात, त्यांनी सुदानातच ‘हगीन दुरा-१’ ही संकरित ज्वारी आणली होती. ज्या देशांकडे आपण दयेने पाहतो, त्यांचे शास्त्रज्ञही आपल्याला काही देत आले आहेत.

म्हणून चार विनंत्या.

पहिली खर्चाशिवायची आहे. ‘श्री अन्न’च्या प्रत्येक सरकारी फलकावर, पुस्तिकेत आणि प्रदर्शनात त्या धान्याचे मूळ लिहा. ज्वारी : पूर्व सुदान. बाजरी : पश्चिम आफ्रिकेचा सहेल. नाचणी : पूर्व आफ्रिकेचे डोंगर. पुढे भारतीय शेतकऱ्याने त्यात काय भर घातली, तेही अभिमानाने लिहा. शाळेच्या पुस्तकात हा धडा यावा म्हणून शिक्षण मंत्रालयाला तुम्हीच पत्र लिहा. शेतीचा इतिहास शिकवायचा तर तो गव्हाच्या पश्चिम आशियापाशी थांबवून चालणार नाही.

दुसरी विनंती बियाण्याची. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅटच्या पेढीत ज्वारीचे सुमारे ४०,००० नमुने आहेत आणि त्यांत सुदान व इथिओपियाचे भरपूर आहेत. दिल्लीची राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन संस्था आणि हैदराबादची भरडधान्य संशोधन संस्था तुमच्याच अखत्यारीत येतात. या सगळ्यांकडचे मूळ सुदानी वाण वेगळे काढा, आत्ताच वाढवून ठेवा आणि युद्ध थांबताच परत देण्याची तयारी करा. हे नवे नाही. इक्रिसॅटने यापूर्वी इथिओपिया, केनिया, सोमालिया यांना त्यांचे हरवलेले वाण परत दिले आहेत.

तिसरी धान्याची. भारत सुदानला मदत पाठवणार असेल, तर तीत ज्वारी असू द्या, आणि ती मराठवाडा-सोलापूरच्या शेतकऱ्याकडून हमीभावाने खरेदी करा. अमेरिकेची ज्वारी मदत म्हणून वर्षानुवर्षे सुदानला जात आली आहे; आपण ज्वारीचा देश म्हणवतो, मग मागे का राहावे? तिथल्या माणसांना तांदूळ किंवा गहू कसा शिजवायचा हे शिकवावे लागेल, ज्वारी शिकवावी लागणार नाही. आणि इथल्या शेतकऱ्यालाही खात्रीचे गिऱ्हाईक मिळेल.

चौथी माणसांची. सुदानचे विद्यार्थी कित्येक दशके पुण्यात शिकायला येत आले आहेत. ज्यांच्या प्रयोगशाळा आज उद्ध्वस्त झाल्या, अशा तिथल्या कृषिशास्त्रज्ञांसाठी राहुरी, परभणी आणि हैदराबाद येथे काही वर्षांच्या शिष्यवृत्त्या सुरू करा. ते इथे स्वतःच्या वाणांवर काम करतील, आपलेही संशोधन पुढे नेतील आणि परत जातील तेव्हा रिकाम्या हाताने जाणार नाहीत.

यातली एकही गोष्ट तुमच्या खात्याच्या आवाक्याबाहेरची नाही. पैसा थोडा लागेल, इच्छा जास्त लागेल. भरडधान्यांचे वर्ष जगाला भारताने मिळवून दिले. त्यामुळे त्या धान्यांच्या मूळ शेतकऱ्यांची आठवण ठेवण्याची जबाबदारीही सर्वांआधी भारताची आहे. येत्या खरिपाच्या पेरणीआधी आपल्या पेढ्यांतल्या सुदानी वाणांची यादी तयार करण्याचा आदेश तुमच्या सहीने निघावा, एवढी विनंती करून हे पत्र पुरे करतो.



आपला,
एक ज्वारीखाऊ मराठी नागरिक